तांबडीचं टक्कल
सकाळी खुराडं उघडलं, तर तांबडीच्या शेपटीच्या बुडाशी चांगलं टक्कल, मधोमध रक्ताचा ठिपका. बाकीच्या तिघी तिथेच चोच मारायला टपलेल्या! रक्त दिसलं की कोंबड्यांना आवरत नाही, म्हणून आधी तिला वेगळं काढलं. पिसांखाली उवा-पिसवा शोधल्या; नव्हत्या. मग ट्यूब पेटली. आठवडाभर पावसामुळे सगळ्या आत कोंडलेल्या, वर मी लाडाने नुसते दाणे टाकत होते. पीस म्हणजे बहुतेक सगळं प्रथिनच, ते दाण्यांतून कुठून पुरणार? म्हणून बाकीच्यांनी तांबडीचीच पिसं उपटली. आता परत १६ टक्के प्रथिनांचं लेअर खाद्य (अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं), लोळायला माती-राखेचं घमेलं, आणि मान ताणून टोचावा लागेल इतका उंच टांगलेला कोबी. संध्याकाळी कोबीचा नुसता दांडा उरलाय. तांबडी मात्र जाळीपलीकडून माझ्यावरच रुसलीय.