पाव फेऱ्याचा फरक

यंत्रशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी मुलांकडून लेगोचं मोटरवर चालणारं रेल्वे इंजिन जोडून घेतो. यंदा निवडलं स्वित्झर्लंडचं ‘क्रोकोडाइल’, म्हणजे १९१९ पासून बांधलेलं, गॉटहार्डच्या डोंगरी मार्गावर मालगाड्या ओढलेलं विजेचं इंजिन. मधे ट्रान्सफॉर्मर, दोन्ही टोकांना लांब नाकाडं, आणि तिन्ही भाग सांध्यांवर वळणारे. त्या काळच्या मोटरी एवढ्या मोठ्या, की चाकांच्या मधे मावत नसत. म्हणून त्या नाकाडांत बसवल्या आणि चाकं दांड्यांनी फिरवली. आम्हीही तीच वाटणी ठेवली: मोटर नाकाडात, बॅटरीचा डबा ट्रान्सफॉर्मरच्या जागी.

प्रत्येक नाकाडाखाली चाकांचा एक सांगाडा, म्हणजे बोगी. बोगीला तीन ॲक्सल, म्हणजे चाकांचे आस. मोटर एकालाच जोडलेली, उरलेले दोन, चाकांवरच्या पिनांना अडकवलेल्या दांड्यांच्या भरवशावर.

“सर, दोन्हीकडच्या पिना एकाच कोनात लावल्या तर काय बिघडेल?” एका विद्यार्थिनीने विचारलं.

“लावून बघ.”

तिने लावल्या. मोटर सुरू झाली, आणि पिना नि ॲक्सल एका रेषेत आले तिथेच चाकं अडली. एक चाक पुढे, शेजारचं मागे जाऊ पाहत होतं. दांडा वाकला, पिन टक्कन उडाली. हाच डेड सेंटर, म्हणजे दांड्याचा जोर चाकाला फिरवू शकत नाही ती जागा. फळ्यावर कितीही आकृत्या काढल्या तरी तो हाताला असा जाणवत नाही.

मग एका बाजूची चाकं काढून पाव फेरा फिरवून बसवली. आता एक बाजू डेड सेंटरला आली की दुसरीचा जोर पूर्ण असतो. खऱ्या कारखान्यात हा ९० अंशांचा कोन साधायला खास यंत्र लागतं. तिने ॲक्सल डोळ्यांजवळ धरून निरखला. त्याचा छेद अधिकच्या चिन्हासारखा, चाकाचं भोकही तसंच. चाक चारच कोनांत बसतं, बरोब्बर ९० अंशांच्या अंतराने! मला या साध्या तुकड्याचं मनापासून कौतुक वाटतं.

वळणाचं लवकर जमलं. लेगोच्या नेहमीच्या रुळांची त्रिज्या ३२० मिलिमीटर, म्हणजे वळण आखूड, म्हणून मधल्या ॲक्सलला बिनफ्लँजची, म्हणजे रुळाला धरणारी कड नसलेली चाकं दिली.

दुसऱ्या बोगीत मोटर बसवली तर इंजिन जागीच गुरगुरायला लागलं. बोग्यांची तोंडं विरुद्ध दिशांना, त्यामुळे मोटरी एकमेकींविरुद्ध ओढत होत्या.

“सर, एकीची दिशा उलटी करू?” असं विचारत तिने ती केलीसुद्धा.