चकचकीत जोडी

गिऱ्हाईक साठीच्या पुढचं. उमेदीत मद्रासजवळच्या शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर रेस मारलेली, त्यामुळे हट्ट दांडगा. उद्यमनगरातल्या आमच्या शेडमध्ये पोतं उघडून त्यांनी राजदूत ३५० च्या हेडच्या, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणांच्या, तीन जोड्या टेबलावर मांडल्या. एक जोडी बफ मारून आरशासारखी केलेली. "हीच चढवा मिस्त्री."

एस्कॉर्ट्सने १९८३ ला आणलेल्या या गाडीला दोन सिलिंडर, दोघांना वेगळी हेडं. टू-स्ट्रोक, म्हणजे हेडात व्हॉल्व्ह नाहीत. बघायचं ते चेंबर (जिथं पेट्रोल जळतं तो खळगा), त्याभोवतीचा स्क्विशचा पट्टा (पिस्टन वर आला की त्याच्या अगदी जवळ येणारी कडा), फेस (सिलिंडरवर टेकणारा सपाट भाग) आणि प्लगचे आटे. पट्ट्यावर बारीक टोचे दिसले की समजायचं, इंजिन ठोकत होतं, म्हणजे आतलं मिश्रण नीट जळायच्या ऐवजी आपोआप भडकत होतं. दुसऱ्या जोडीत ते होते, शिवाय एक फेस वाकडा. ती लगेच बाजूला.

चकचकीत जोडीला प्लग लावून, वर भोकाची ॲक्रिलिक काच ठेवून ब्युरेटने मोजून पातळ तेल सोडलं. दोन्ही चेंबरमध्ये १.६ सीसीचा फरक! ६४ मिमी बोअरला अर्धा मिमी फेस घासला की नेमकं तेवढंच कमी होतं. कुणीतरी एकच हेड मशीनला लावलं होतं.

"काका, एक सिलिंडर ओढेल, दुसरा ठोकेल."

"रेसमध्ये ठोकायचंच असतं की!"

आता काय बोलणार? गाडी एअरकूल्ड, उष्णता ओढून न्यायला पाणी नाही. सरळ रस्त्यावर थ्रॉटल पूर्ण उघडा राहिला की पिस्टनच्या माथ्याला भोक ठरलेलं.

राहिली तिसरी. काजळीने काळी, एक फिन (हवेने थंड करणारी बाहेरची पाती) तुटकी, पण फरक फक्त ०.२ सीसी. दोन्ही हेडांना एकाच सेटिंगमध्ये हलका हात मारला, तात्पुरती बसवली आणि पिस्टन आणि पट्ट्यातली फट मोजायला प्लगच्या भोकातून सोल्डरची तार घालून क्रँक फिरवला. तार पिस्टनपिनच्या रेषेतच घालायची, नाहीतर पिस्टन डोलतो आणि माप खोटं येतं. चेपलेली तार दोन्हीकडे १.१ मिमी भरली. मला हवं तेवढंच.

काकांचं लक्ष अजून तुटक्या फिनवर. "निदान बफ तरी मारा."

"बाहेरून हवा तेवढा मारा. पट्ट्याला हात लावायचा नाही."

ती चकचकीत जोडी त्यांनी विकायला काढली. मी दोन्ही हेडांच्या फेसवर मार्करने मापं लिहूनच परत दिली.