तुला आधीच कसं कळतं गं?

परवा रात्री साडेअकराला मावसबहिणीचा फोन. हॅलो नाही की काही नाही, डायरेक्ट "ताई, डोळे मिट आणि सांग, त्याचा होकार येईल का?" मी दात घासत होते. तोंडात फेस, खांद्यात फोन अडकवलेला, आणि तिकडे तिला वाटतंय मी ध्यान लावून बसलेय. म्हटलं अगं बाई मला खरंच काही वाटत नाहीये, तर म्हणे "म्हणजे नकारच आहे, तू सांगत नाहीयेस." आता याच्यावर काय बोलणार!

आमच्या घरात माझी अशी ख्यातीच आहे की हिला आधी कळतं. कोण भांडून आलंय, कोण खोटं बोलतंय, कोणाचं काहीतरी बिनसलंय. लहानपणापासून आहे हे. बाबा जिना चढायला लागले की चपलांच्या आवाजावरून मला कळायचं आजची संध्याकाळ कशी जाणार ते, आणि मी धाकट्याला घेऊन गुपचूप अभ्यासाला बसायचे. लोक याला देणगी वगैरे म्हणतात. मला विचाराल तर ती त्या जिन्याची शिकवणी होती, बाकी काही नाही.

पण कुठूनही आलेलं असो, ते बंद करायचं बटण नसतं हा खरा ताप. मीटिंगमध्ये दहा जण असले की दहा जणांचं काय चाललंय ते सगळं अंगावर येतं, कोण चिडलंय कोण घाबरलंय, आणि बाहेर पडल्यावर माझंच डोकं दुखत असतं. बरं कळलं तरी बोलायची सोय नाही. मागे ऑफिसातली एक जण "ऑल गुड गं" म्हणत हसत होती आणि चार्जरची वायर बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, परत गुंडाळत होती, बोटाचं टोक पार पांढरं पडेपर्यंत. मी न राहवून विचारलं, घरी सगळं ठीक ना? तिचा हात थांबला. हसू तसंच राहिलं चेहऱ्यावर, पण त्यानंतर दोन आठवडे ती मला टाळत होती. न विचारता कोणाच्या घरात डोकावल्यासारखं झालं ते, चूक माझीच होती.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे "मला वाटलंच होतं" ही भानगड. मामाचा अपघात झाला त्या सकाळी माझ्या मनात पाल चुकचुकली होती. (मामा आता मस्त आहे, काठी घेऊन सगळ्यांवर ओरडत फिरतो.) मी हे मामीला बोलून गेले आणि मामी एवढंच म्हणाली, "मग फोन का नाही केलास गं?" ते वाक्य दीड वर्ष माझ्या घशात अडकून होतं. त्यानंतर साधी भीती वाटली तरी मी फोन करायला लागले, सगळ्यांना, हेल्मेट घाल, आज जाऊ नकोस, उद्या जा. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात तसं झालेलं. घरचे वैतागले आणि मी झोपेनाशी झाले.

शेवटी भाऊ म्हणाला लिहून ठेव ना, रडत काय बसतेस. मग एक वही केली, तीन रकाने, तारीख, काय वाटलं, काय झालं. अट एकच, घडायच्या आधी लिहायचं. सात महिन्यांत ८३ नोंदी झाल्या. माणसांच्या मूडबद्दलच्या बऱ्याचशा बरोबर निघाल्या. पण "काहीतरी वाईट होणार" अशा ३१ होत्या, आणि त्यातल्या खऱ्या किती, तर २. त्यातली एक म्हणजे गीझर जळला.

म्हणजे मामाच्या वेळची ती पाल आधीही कितीदा तरी चुकचुकली असणार आणि मी विसरून गेले असणार. कावळा बसायला आणि फांदी तुटायला, लक्षात राहते ती तुटलेली फांदी. हे वहीत दिसलं तेव्हा मी खरंच रडले, सुटल्यासारखं झालं.

मग जरा वाचायला लागले. १९९७ साली बेकारा, दामासिओ वगैरे मेंदूचा अभ्यास करणाऱ्या मंडळींचा पत्त्यांचा एक प्रयोग छापून आला होता, चार गड्ड्या, त्यातल्या दोन फसव्या, आधी भरपूर जिंकून देणाऱ्या आणि शेवटी बुडवणाऱ्या. तर कुठली गड्डी वाईट हे लोकांना तोंडाने सांगता यायच्या आधीच तिकडे हात जाताना तळव्याला बारीक घाम सुटायला लागलेला. त्याच्यावर नंतर वादही झाले, पण मला ते वाचून चपलांचा आवाजच आठवला. कानेमन आणि क्लाइन या मानसशास्त्रज्ञांनी २००९ मध्ये लिहिलंय की आतल्या आवाजावर भरवसा कुठे ठेवावा, तर जिथे गोष्टी काही एका नियमाने घडतात आणि आपण चुकलो की बरोबर ते लगेच कळत राहतं तिथे. बाबांचा जिना रोजचा होता. मामाचा अपघात रोजचा नव्हता.

भावाला तेवढ्यावर समाधान नाही, त्याने १९३० च्या दशकात अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात ऱ्हाइन नावाचे संशोधक, कोणाला न बघता ओळखता येतं का ते तपासायला वापरायचे तसली कार्डं पुठ्ठ्याची कापून आणली. गोल, अधिक, लाटा, चौकोन, चांदणी, प्रत्येकी पाच. पंचवीसपैकी सरासरी पाच तर कोणाचीही नुसत्या अंदाजाने बरोबर येतात. माझी पहिल्यांदा सहा आली तेव्हा तो जरा दचकला, मग चार, मग परत चार. तेव्हापासून मला महाराज म्हणतो.

तरी भीती कुठली आणि कळणं कुठलं हे अजून दरवेळी ओळखता येत नाही हां. भीती बडबडी असते, मग असं होईल, मग तसं होईल, थांबतच नाही. दुसरं एका ओळीत येतं आणि गप्प बसतं. पण कधीकधी भीतीही एका ओळीत येते, तेव्हा माझी पंचाईत.

तर काल सकाळी मावसबहिणीचा मेसेज, "होकार आलाआआ! तुला माहीतच होतं ना, म्हणून हसत होतीस!" मी लिहिलं अगं मी दात घासत होते. तिने डोळा मारणारा इमोजी पाठवला आणि दहा मिनिटांत मावशीचा फोन, "ऐक ना, जरा आमच्या भाडेकरूचं बघतेस का?" वहीत तारीख घातली, "काय वाटलं" मध्ये लिहिलं, काही नाही.