तुम्ही विचारलंत म्हणून: नाकाचं ऑपरेशन आणि आदल्या रात्रीची धडधड

"तारीख ठरली, पैसे भरले, आता झोप उडालीय. काय करू?" नाक नीट करून घ्यायला निघालेले हे हमखास विचारतात. धडधडू द्या. ती घालवायला माणसं जे परस्पर करतात, तेच नडतं.

पहिला मान चहाचा. सकाळी सातला बोलावलेलं, वाटेत अमृततुल्य उघडं, 'घोटभरच घेतला'. दुधाचा चहा म्हणजे पोटाच्या हिशेबात जेवणच, सहा तास धरायचे. तेलकट किंवा मटणाच्या जेवणाला आठ. साधं पाणी सहसा दोन तास आधीपर्यंत चालतं. हॉस्पिटलनं याहून कडक वेळ दिली असेल तर तीच पाळा. भुलीत घशाची राखण सुटते आणि पोटातलं वर येऊन फुप्फुसात जाऊ शकतं. म्हणून त्या घोटापायी ऑपरेशन पुढे ढकलतात.

दुसरी मिश्री. सिगारेट निदान कबूल तरी करतात. मिश्रीला तंबाखूत कुणी मोजतच नाही. निकोटिननं बारीक रक्तवाहिन्या आकसतात, टाक्यांपाशी रक्त कमी पोचतं, जखम रेंगाळते, क्वचित कातडी काळी पडते. निदान चार आठवडे आधी बंद.

तिसरी, मावशीच्या डब्यातली झोपेची गोळी. न सांगता घेतली आणि वर भूल चढली की श्वास मंदावतो. भूलतज्ज्ञाकडे मागा, योग्य वाटली तर तो लिहून देईल. लसणाच्या कॅप्सूल, फिश ऑइल, काढे, सगळं त्याला सांगा. आयब्युप्रोफेननं रक्तस्राव वाढू शकतो. मात्र हृदयासाठीची ॲस्पिरिन किंवा बीपीची गोळी आपल्या मनानं थांबवायची नाही.

खरं तर बहुतेकांना नाकाची नव्हे, भुलीची भीती असते. तरी सगळे प्रश्न सर्जनलाच विचारतात! भूलतज्ज्ञाला आधी वेगळं भेटा. शेवटपर्यंत थांबणार का? अडचण आली तर आयसीयू कुठे? उत्तरं कागदावर लिहून घ्या. सर्जनकडे प्लास्टिक सर्जरीची एम.सीएच. किंवा डीएनबी (आता डीआरएनबी) ही पदवी आहे ना, हेही बघा.

पुण्याला नाकाची शस्त्रक्रिया नवी नाही. टिपूच्या कैदेत नाक कापलं गेलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला पुण्याजवळ एका वीट करणाऱ्यानं कपाळाच्या कातडीचं नाक बसवलं. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या जागी बसवून माप घ्यायचं, तो कपाळावर सपाट ठेवून आखायचं. लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'नं ऑक्टोबर 1794 मध्ये हे छापलं. भूल नव्हती, हे वेगळं सांगायला नको.

आदल्या रात्री नेलपॉलिश काढा, बोटाला लावलेल्या यंत्राचं ऑक्सिजनचं माप त्यानं चुकू शकतं. मंगळसूत्र, लेन्स घरी. शर्ट पुढून बटणांचा. झोप आली नाही तर चार आकडे श्वास आत, सहा बाहेर, पाच मिनिटं.

आणि आरसा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सूज सर्वांत जास्त असते, डोळ्यांखाली निळं-काळं, 'उगाच केलं' वाटण्याचा दिवस तोच. पट्टी साधारण आठवड्यानं निघते. शेंड्याची सूज उतरायला वर्षही लागतं. तोवर नाकाचे फोटो कुणाला पाठवू नका.