ट्रेलर कोरडा ठेवण्याचा उद्योग : हंगाम चौथा

नारळी पौर्णिमा झाली की आमच्याकडे सगळे बोटीकडे बघायला लागतात. मी ट्रेलरकडे बघतो. बोट १४ फुटी, फायबरची, मागे २५ हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड (बोटीच्या पाठीला टांगायचं इंजिन). चार वर्षांत तिने नाव ठेवायला जागा दिलेली नाही. पैसे खाल्ले ते ट्रेलरने. दापोलीहून आंजर्ल्याच्या खाडीपर्यंत वीस-पंचवीस किलोमीटर तो रस्त्यावर असतो, आणि बोट उतरवायला खाऱ्या पाण्यात जाताना दोन मिनिटं, ती वर घेऊन येताना तीन. वाटोळं होतं ते त्या पाच मिनिटांत.

नव्या मंडळींसाठी थोडक्यात. सांगाडा इथेच वेल्डिंग करून घेतला आणि घाटावर नेऊन गरम जस्तात बुडवून आणला. हब (चाकाचा मधला, बेअरिंगचा भाग) आणि ब्रेकचे ड्रम जुन्या छोट्या कारचे, भंगारातून. पुढे ओव्हररन कपलिंग. म्हणजे गाडीने ब्रेक मारला की ट्रेलर मागून रेटतो, कपलिंगचा दांडा चार बोटं आत सरकतो आणि केबल ओढून ट्रेलरचे ब्रेक लावतो. बोटीसकट वजन साडेपाचशे किलोच्या घरात. घाटात एवढं वजन मागून ढकलायला लागलं की ब्रेक का हवेत ते कुणी समजवावं लागत नाही.

सप्टेंबर

ताडपत्री काढली, ट्रेलरच्या दिव्यांचा प्लग बोलेरोला जोडला, भाच्याला मागे उभं केलं आणि डावा इंडिकेटर लावला.

"मामा, दोन्हीकडचे दिवे एकदम डोळे मिचकावतायत."

अर्थिंग गेलेलं. करंटला परतीची सरळ वाट मिळाली नाही की तो शेजारच्या बल्बच्या फिलामेंटमधून आडवाटेने पळतो, म्हणून नको ते दिवे मंद पेटतात. माझं अर्थिंग सांगाड्यातून आणि हुकाच्या गोळ्यातून गाडीकडे जात होतं. गोळ्यावर ग्रीस, बोल्टांना गंज. मीटर लावला तर प्लगपाशी १२.४ व्होल्ट आणि दिव्यापाशी ९.८.

दिवा उघडला तेव्हा माझीच अक्कल बाहेर आली. गेल्या वर्षी पाणी शिरू नये म्हणून चारी बाजूंनी सिलिकॉन भरलं होतं. आतून दोन चमचे पाणी निघालं. आत आलं, पण बाहेर जायला मी जागाच ठेवली नव्हती. त्यात ते सिलिकॉन व्हिनेगरसारखा वास मारणारं. वाळताना त्यातून सुटणारं ॲसिड तांब्याला खातं, हे मला दुकानात कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. वायर सोलली तर आतलं तांबं हिरवट-काळं, चिमटीत धरलं की भुगा. सहा इंच मागे कापलं, तरी काळंच. समईच्या वातीतून तेल चढावं तसं खारं पाणी आवरणाच्या आतून वर चढलेलं. फूटभर कापल्यावर कुठे लाल तांबं दिसलं.

तिसऱ्यांदा तेच वायरिंग करायचा कंटाळा आला आणि त्यातूनच या हंगामाचं मुख्य काम निघालं. दिवे ट्रेलरवर ठेवायचेच नाहीत. ॲल्युमिनियमच्या चौकोनी पाइपाची चार फुटी पट्टी घेतली. तिच्यावर दोन्ही दिवे, मध्ये नंबर प्लेट. बोटीच्या पाठीला दोन कंस बसवले आणि पट्टी दोन खटक्याच्या पिनांनी त्यात अडकवली. वायर बोटीवरून थेट गाडीच्या प्लगपर्यंत जाते, सांगाड्याला कुठेच शिवत नाही. अर्थिंगची पांढरी वायर प्रत्येक दिव्याला वेगळी. वायर कथिल चढवलेली घेतली. महाग पडते, पण लवकर हिरवी पडत नाही. बोट पाण्यात सोडायच्या उतारावर पोचलो की प्लग काढायचा, दोन पिना ओढायच्या आणि पट्टी बोलेरोत टाकायची. घड्याळ लावून बघितलं, ४० सेकंद.

हा उद्योग नको असेल त्यांनी निदान दोन गोष्टी कराव्यात. दिव्याच्या तळाला बारीक भोक पाडा. आणि मागे घेण्याआधी प्लग काढा. उतारावर पाय ब्रेकवरच असतो, म्हणजे २१ वॅटचे बल्ब चांगले तापलेले असतात आणि तसेच गार पाण्यात बुडतात. काच तडकू शकते. पाण्याखाली शॉर्ट झालं तर गाडीचाही फ्यूज उडतो, मग बोट उतरवून घरी जाताना बोलेरोचेही ब्रेकचे दिवे नाहीत. हेही करून बसलोय.

ऑक्टोबर

हबची गोष्ट मला खाडीवरच्या तांडेलकाकांनी शिकवली. त्यांच्याकडे ट्रेलर कधीच नव्हता. मी पोचल्यापोचल्या ट्रेलर मागे घ्यायला लागलो तसे ते जाळं बाजूला ठेवून आले.

"चाकाला हात लावून बघ आधी. तापलंय?"

हात टेकववत नव्हता.

"मग आत्ताच कशाला बुडवतोस? बस, चहा पी."

पंचवीस किलोमीटर पळून, त्यात घाटाचा उतार ब्रेकवर उतरून हब तापतो. आतली हवा फुगलेली असते. तो एकदम पाण्यात गेला की हवा आकसते आणि सीलच्या फटीतून खारं पाणी आत ओढून घेते. त्या आठवड्यात उजवा हब उघडला. ग्रीस पार सोलकढी झालं होतं, तोच तांबूस दुधी रंग. बेअरिंगच्या रोलरांवर सुईच्या टोकाएवढे काळे ठिपके. दोन्ही बाजूंची बेअरिंगं आणि सीलं बदलली, ग्रीस पाण्यात न विरघळणारं भरलं आणि स्प्रिंगच्या टोप्या बसवल्या, ज्या आतल्या ग्रीसवर सतत थोडा दाब ठेवतात. तरी अर्धा तास थांबतोच. तेवढ्यात दोऱ्या, लाइफजॅकेट, पेट्रोल, बोटीच्या बुडाचं बूच, सगळं होऊन जातं. (बूच. हसू नका. प्रत्येक जण एकदा विसरतो.)

ड्रमचं दुखणं वेगळं. त्यात पाणी शिरतं, रेतीही शिरते, आणि निघत काही नाही. मागच्या प्लेटला भोक पाडून अर्ध्या इंची पाइपाचा तुकडा वेल्ड करून घेतला. घरी आलो की विहिरीचा पंप चालू करायचा, नळी त्यात खुपसायची आणि चाक हाताने फिरवत राहायचं. पहिलं पाणी चहासारखं येतं, तीन-चार मिनिटांनी स्वच्छ. धुतल्यावर लगेच उभा करायचा नाही. गल्लीत एक फेरी मारायची, चार-पाचदा हलका ब्रेक द्यायचा, म्हणजे ब्रेकचे शू (ड्रमला आतून घासणाऱ्या पट्ट्या) वाळतात. आणि ओल्या ड्रमवर ट्रेलरचा हँडब्रेक ओढून ठेवायचा नाही. गेल्या हंगामात ठेवला होता. तीन आठवड्यांनी शू ड्रमला असे चिकटले की चाक फिरेना, घसटत गेलं. आता चाकाखाली लाकडी ठोकळे.

नोव्हेंबर

हबच बुडला नाही तर निम्मं काम वाचतं, आणि ते भरतीच्या हातात आहे. आमच्या उताराचा वरचा भाग चांगला खडा आणि खरखरीत. खालचा सपाट, शेवाळलेला, कडेला कालवं (धारदार शिंपले). कालवाच्या धारेने टायरची कड कापून घेतली आहे, तेव्हा आदराने सांगतो. पाणी वर असेल तर ट्रेलर खड्या भागावरच राहतो, टायर निम्मा बुडायच्या आत बोट रोलरवरून घसरते आणि तरंगते. पाणी खाली असेल तर सपाटीवर जावं लागतं, बोलेरोची मागची चाकंही पाण्यात जातात आणि तरी बोट उठत नाही.

म्हणून हिशोब जुनाच, पूर्ण भरतीची वेळ म्हणजे तिथीची पाऊणपट. पंचमीला पाच पाऊण पावणेचार, अष्टमीला सहा. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक धरायचा, मोबाईलवरही बघायचं. भरतीच्या दोन तास आधी बोट उतरवायची आणि भरतीनंतर दोन तासांच्या आत वर घ्यायची. मासे लागत असले तरी. अष्टमीच्या आसपास भांगाला (लहान भरतीला) पाणी फार चढत नाही, तेव्हा खड्या भागाचा फायदा जेमतेम मिळतो. उधाणाला पाणी झकास चढतं, पण खाडीच्या तोंडाशी ओढ जबर. मला तृतीया-चतुर्थी बरी पडते.

डिसेंबर

ओव्हररनची एक खोड आहे. सपाटीवर मागे घेतानाही ट्रेलर रेटला जातो आणि ब्रेक लागतात. त्यासाठी कपलिंगमध्ये एक आडवी पिन घालायची, म्हणजे दांडा आत सरकत नाही. पिन काढल्याशिवाय ट्रेलरला ब्रेकच नाहीत.

एका रविवारी बोट पाण्यात सोडली, रिकामा ट्रेलर वर आणून उभा केला, सुवर्णदुर्गाच्या बाजूने दोन तास फिरलो, बोट वर घेतली. मासे बरे मिळाले होते, गप्पा चालू होत्या. घरी यायला घाट चढायचाच होता, त्यामुळे काही जाणवलं नाही. दुसऱ्या रविवारी तसाच निघालो. आसूदच्या उतारावर पहिल्या वळणाला ब्रेक दाबला आणि मागून कुणी खांद्याने ढकलावं तशी गाडी पुढे गेली. समोरून एसटी. दुसऱ्या गियरवर टाकली, कडेची माती घासत थांबलो. भाचा काही बोलला नाही. उतरला, कपलिंगपाशी गेला, पिन काढली आणि माझ्या हातात दिली.

आठवडाभर पिन तशीच लागलेली होती, आणि निघताना मी फक्त दिवे तपासले होते.

आता पिनेला लाल दोरी आहे आणि तिची जागा ड्रायव्हरसमोरच्या आरशावर. रस्त्यावर असताना ती माझ्या डोळ्यांसमोर लोंबत असली पाहिजे. आरसा रिकामा दिसला की गाडी हलवायची नाही. शिवाय निघाल्यावर पहिल्या शंभर मीटरमध्ये, सपाटीवर, एकदा ब्रेक मारून बघतो. ट्रेलर मागे ओढल्यासारखा वाटला की पुढे.

बाकी राहिलेलं

डाव्या ड्रममधून कुईकुई अजून येते. शू बरे आहेत, परतीची स्प्रिंग गंजून ढिली पडली असावी. शिमग्याआधी उघडीन. ब्रेकच्या केबली आवरणाच्या आत जड झाल्यात. तेल सोडून सुटल्या तर ठीक, नाहीतर बदलायच्या. स्टेनलेस स्टीलच्या केबलीचा इथल्या हवेतला अनुभव कुणाला असेल तर सांगा, पैसे घालण्याआधी ऐकायचंय. दिव्यांची पट्टी ११ फेऱ्या झाल्या, व्होल्ट आजही दोन्ही टोकांना सारखे. एकदा अंधारात परत लावायची विसरलो होतो, ते भाच्याला माहीत आहे, आता तुम्हालाही.