सकाळपासून एक शिवी नाही

मिरजेतली सोमवारची ओपीडी म्हणजे अर्धा तासगाव तालुका आणि अर्धं अथणी-कागवाड. साडेबारा वाजून गेले होते, बाहेर तीसेक नंबर बाकी होते आणि व्हीलचेअर आत घ्यायला दाराची दुसरी फळी उघडावी लागली म्हणून मामा कुरकुरत होते.

खुर्चीत एकोणतीस वर्षांचा मुलगा. तीन उन्हाळ्यांपूर्वी त्यानं गावच्या विहिरीत सूर मारला होता. पाणी कमरेइतकंच उरलेलं. मानेत, पाचव्या-सहाव्या मणक्यापाशी मज्जारज्जू चिरडला. खांदे हलतात, कोपर वाकतं, बोटं नाहीत, छातीच्या खाली काहीच नाही. लघवीला कायमची नळी.

"म्याडम, ह्यो आज गप हाय," आई म्हणाली.

ताप ९७.२. नाडी ५८. बीपी ८८/५४, पण फाइल उलटली तर मागच्या चारही भेटींत वरचा आकडा नव्वदच्या आसपासच. श्वास २२. लघवी गढूळ, पण नळीवाल्याची लघवी बहुतेक वेळा गढूळच असते. मी लघवीचं कल्चर लिहिलं, पाच दिवसांच्या गोळ्या लिहिल्या आणि पुढचा नंबर पुकारायला सांगितलं.

बाई जागची हलली नाही. "ताप न्हाई म्हंता, पर बरं न्हाई त्याला. सकाळपास्नं मला एक शिवी दिली न्हाई त्यानं."

दारातलं कुणीतरी हसलं. बहुधा मीही हसले. चहा गार झाला, कूस बदलायला उशीर झाला, उशी सरकली, की हा आईचा उद्धार करतो. आणि ती हे सगळं पोराला भूक चांगली आहे म्हणावं तशा सुरात सांगत होती. मी त्याला कॅज्युअल्टीत पाठवून लॅक्टेट, म्हणजे शरीराला रक्तपुरवठा कमी पडला की चढणारा रक्तातला आकडा, करायला सांगितलं. खरं सांगायचं तर शंका आली म्हणून नाही. दार मोकळं व्हावं म्हणून.

एक वाजून दहा मिनिटांनी फोन आला. लॅक्टेट ५.२. दोनच्या वर गेलं की आम्ही कान टवकारतो. मी खाली पोचेपर्यंत बीपी ७२/४० झालं होतं आणि हाक मारल्यावर तो डोळे उघडून परत मिटत होता. नाडी ६६. हा आकडा मी विसरणार नाही. सेप्टिक शॉकमधला, म्हणजे जंतुसंसर्ग जिवावर बेतून (त्याला आम्ही सेप्सिस म्हणतो) बीपी कोसळलेला तरणा माणूस, नाडी पळायला हवी, आणि ती ६६.

पुढचं सगळं नेहमीच्या धावपळीचं. ब्लड कल्चर, मेरोपेनेम हे अँटिबायोटिक, सलाईन. किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन १.३ आलं, लॅबच्या कागदावर जेमतेम वाढलेलं. पण स्नायू इतके वाळलेल्या माणसाचं नेहमीचं क्रिएटिनिन ०.४ होतं, म्हणजे तिप्पट झालं होतं. सोनोग्राफीत उजवी किडनी फुगलेली, खाली मूत्रवाहिनीत खडा अडकलेला. युरॉलॉजिस्टनी चार वाजता स्टेंट टाकला तेव्हा आतून पू आला. त्याआधी रक्तवाहिन्या आवळून बीपी चढवणारं नॉरअॅड्रेनलिन सुरू केलं, नेहमीच्या मानानं अगदी थोडं, तरी बीपी सरळ १५०वर गेलं. तीन वर्षं ज्या रक्तवाहिन्यांना मेंदूचा एक निरोप मिळाला नव्हता, त्या थेंबभर औषधानं आवळल्या. सिस्टरनी पंप कमी कमी करत निम्म्याच्याही खाली आणला, तेव्हा कुठे स्थिरावलं.

मग आईकडून राहिलेली हकीकत कळली. आठ दिवस रात्री त्याचं डोकं फुटायचं, चेहरा लाल व्हायचा, मानेच्या वर घामानं उशी भिजायची आणि छातीच्या खाली अंग कोरडं, गार. कुणीतरी बीपी मोजलं, १९० आलं, बीपीची गोळी सुरू झाली. ते बीपी नव्हतं, खडा होता. खड्याची कळ मज्जारज्जूत तुटलेल्या जागेच्या खालीच फिरत राहते. मेंदूला ती पोचत नाही, पण खालच्या सिम्पथेटिक नसा, म्हणजे रक्तवाहिन्या आवळणाऱ्या नसा, मात्र पेटतात आणि त्यांना आवरायला वरून कुणी नसतं.

रात्री अकराला आयसीयूच्या पॅन्ट्रीत चहा घेताना इंटर्ननं विचारलं, "मॅडम, याला ताप कसा नाही आला?"

ताप जंतू आणत नाहीत, मेंदू आणतो. त्यासाठी त्वचेच्या रक्तवाहिन्या आवळायच्या, स्नायूंना हुडहुडी भरवायची. आणि हे दोन्ही हुकूम मज्जारज्जूतून खाली जातात. नाडी पळवणाऱ्या नसा छातीच्या मणक्यांतून निघतात, त्यामुळे त्याच्या हृदयाला अॅक्सिलरेटर राहिलाच नव्हता. उरला होता ब्रेक, म्हणजे व्हेगस, जी कवटीतून निघून मानेच्या बाजूनं थेट पोटात उतरते आणि मज्जारज्जूला शिवतही नाही. जंतुसंसर्ग ओळखायचा म्हणून आम्ही जे जे मोजतो, त्यातलं बरंचसं मज्जातंतूंनी लिहिलेलं असतं. याची तार तुटलेली, म्हणून कागद कोरा. २०१६पासून आम्ही पलंगाशेजारी तीन प्रश्न विचारतो: श्वास २२ किंवा जास्त, वरचं बीपी १०० किंवा कमी, शुद्धीत फरक. पहिली दोन उत्तरं याची रोजचीच. रोज वाजणाऱ्या घंटेकडे कोण बघतं?

इंटर्नला व्हेगसचं वेड लागलेलं दिसलं. त्यानं वाचलं होतं की २०००मध्ये अमेरिकेत केव्हिन ट्रेसी यांच्या गटानं उंदरांना जंतूंचं विष टोचलं आणि व्हेगसला विजेचे झटके दिले, तर रक्तातला टीएनएफ, म्हणजे दाह पेटवणारं रसायन, कमी राहिला आणि शॉक टळला. वाट नंतर उलगडली आणि ती वाकडी निघाली. निरोप प्लीहेच्या, म्हणजे पाणथरीच्या, नसेपर्यंत जातो, ती नस नॉरअॅड्रेनलिन सोडते, त्यानं टी-पेशी नावाच्या काही पांढऱ्या पेशी अॅसिटिलकोलिन हे रसायन बनवतात, आणि ते टीएनएफ सोडणाऱ्या मॅक्रोफेज पेशींना गप्प करतं. दाह विझवायला मेंदूकडे अशी एक तोटी आहे.

"मग सेप्सिसमध्ये व्हेगसला करंट द्यायचा?"

मी म्हटलं, तुझ्या उंदरांना विष कधी टोचलं हे माहीत होतं. आपल्याकडे माणूस आठव्या दिवशी येतो. नव्वदच्या दशकात टीएनएफ अडवणारी औषधं सेप्सिसमध्ये वापरून झाली, माणसं काही वाचली नाहीत. संधिवाताचं वेगळं, तिथं व्हेगसला झटके देणाऱ्या यंत्राला २०२५मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली. आणि आपल्या या पोराच्या प्लीहेला निरोप देणाऱ्या नसा छातीच्या मज्जारज्जूतून निघतात, त्यांच्यावर मेंदूचा हातच नाही. उंदरांत मज्जारज्जू वर, छातीच्या तिसऱ्या मणक्यापाशी दुखावला, की या पोराच्या रात्रींसारखी बीपीची वादळं वारंवार उठतात, प्लीहा आकसते आणि लिम्फोसाइट, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, मरतात. खाली नवव्या मणक्यापाशी दुखावला तर तसं होत नाही. आठ रात्रींत याची पाणथरी कितीदा झोडपली गेली असेल, ते मोजायची सोय माझ्याकडे नाही.

कप धुताना माझ्या डोक्यात आलं. सगळ्या तारा तुटल्या नव्हत्या. दाहाची वर्दी वर जाते ती रक्तातून आणि व्हेगसमधून. ती वाट शाबूत होती. वर्दी मिळाली की मेंदू माणसाला आक्रसून घेतो, खाणं नको, बोलणं नको, कुणी नको. आजारी जनावर गोठ्याच्या कोपऱ्यात जाऊन बसतं, तेच. या हुकुमाला मज्जारज्जू लागत नाही. त्याच्या अंगात उरलेली धड खूण ती एकच होती, आणि मोजायला यंत्र नव्हतं, आई होती.

चौथ्या दिवशी नॉरअॅड्रेनलिन बंद झालं. पाचव्या दिवशी राउंडला पडद्याआडून त्यानं आईला जे ऐकवलं ते इथं छापता येणार नाही. सिस्टरनी दचकून माझ्याकडे पाहिलं. आई पदरानं डोळे पुसत हसत होती.

डिस्चार्जच्या वेळी फाइलच्या पुठ्ठ्यावर मी लाल पेननं लिहिलं: नेहमीचं बीपी ९०/६०, नाडी ५५ ते ६०, ताप येईलच असं नाही, डोकं दुखून बीपी चढलं तर आधी नळी आणि खडा बघणे. आई म्हणाली, "शिवीचं बी लिवा." मी लिहिलं, शिव्या बंद झाल्यास त्याच दिवशी आणणे.

त्यानं पुठ्ठा मनगटानं स्वतःकडे ओढून वाचला. "म्याडम, फायल घरात समोरच असती. पाव्हणं आलं तर काय सांगू?"