२६ इंचांचं दार

साताऱ्यात शनिवार पेठेत आमच्या अण्णांचं सोफ्याचं दुकान होतं. दुकान म्हणजे दहा बाय बाराची खोली आणि पुढे ओटा. आसपासच्या जुन्या वाड्यांचे जिने इतके अरुंद की तयार सोफा माडीवर चढायचाच नाही. म्हणून अण्णा सोफा गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन बांधत. सागाची चौकट दुकानात कापायची, तुकड्यांवर खडूने खुणा करायच्या, हातगाडीवरून न्यायचे आणि माडीवर जोडायचे. मग गोणपाट, स्प्रिंगा, काथ्या, फोम, आणि सगळ्यात शेवटी कापड. तोंडात बारीक चुका, म्हणजे छोटे खिळे, धरून एकेक चूक जिभेने पुढे सरकवत ते ठोकत, त्यामुळे त्या वेळी त्यांना बोलता येत नसे. भुवई उडवली की कात्री, हनुवटी हलवली की दोरा, हे मला पाचवी-सहावीतच कळायला लागलं होतं.

आज ॲरिझोनातल्या मेसा शहरात आमचं वर्कशॉप आहे. आम्ही आरव्हीतले, म्हणजे चाकांवरच्या फिरत्या घरांतले, सोफे बदलतो, त्यातही जास्त करून फिफ्थ-व्हील ट्रेलरमधले. आणि जे करतो ते वाड्याच्या जिन्यावरून शिकलेलंच आहे.

फिफ्थ-व्हील म्हणजे काय, हे गावाकडच्या लोकांना मला दर वेळी समजावून सांगावं लागतं. साधा ट्रेलर गाडीच्या मागे हुकाला अडकवून ओढतात. फिफ्थ-व्हीलचं नाक उंच असतं आणि ते पिकअपच्या हौद्यात, मागच्या आखाच्या वर बसवलेल्या कपलरमध्ये अडकतं, आपल्याकडे कंटेनर ओढणाऱ्या ट्रकला असतं तसं. नाव घोडागाडीच्या काळातलं आहे. खाली चार चाकं, आणि पुढचा आख वळावा म्हणून त्यावर आडवं बसवलेलं ते पाचवं. आत ३०-४० फुटांचं अख्खं घर असतं. बटण दाबलं की बसायच्या खोलीची भिंत जमिनीसकट बाहेर सरकते आणि खोली मोठी होते. तिला स्लाइड म्हणतात. सोफा बहुतेक वेळा या स्लाइडवरच असतो, तळाशी स्क्रूने पक्का आवळलेला.

मी २०१२ साली लग्न होऊन इथे आले. नवऱ्याची नोकरी चँडलरला, माझा व्हिसा काम न करण्याचा. मे २०१५ मध्ये नियम बदलला आणि ग्रीन कार्डच्या रांगेत असलेल्यांच्या जोडीदारांना कामाचा परवाना मिळू लागला. माझ्या परवान्याचं कार्ड २०१६ मध्ये हातात आलं. त्याच आठवड्यात मी जुन्या बाजारातून एक दणकट शिलाई मशीन आणलं आणि गॅरेजमध्ये मांडलं. सुरुवातीला ओळखीच्या घरांतल्या डायनिंगच्या खुर्च्या केल्या. कापड चांगलं लावायचं, कोपरे नीट वळवायचे, पायपिंग, म्हणजे शिवणीवरची गोट, सरळ जायला हवी. काम मिळत होतं, पण पोट भरण्यासारखं नव्हतं.

पहिला ट्रेलर मिळाला तो त्याच हिवाळ्यात. इथे ऑक्टोबर ते एप्रिल उत्तरेकडची आणि कॅनडातली निवृत्त मंडळी थंडी चुकवायला येतात, त्यांना स्नोबर्ड म्हणतात. मैत्रिणीच्या ऑफिसातल्या एकाचे आईवडील कॅनडातल्या अल्बर्टाहून येऊन अपाची जंक्शनच्या एका आरव्ही पार्कात राहिले होते. त्यांच्या सोफ्याचे पोपडे निघत होते. काकू उठल्या की स्वेटरच्या पाठीवर चॉकलेटी कोंडा चिकटलेला दिसायचा. त्यांनी फर्निचरच्या दुकानातून नवा सोफा आणलाही होता, पण तो ताडपत्री टाकून तीन दिवस ट्रेलरच्या बाहेर उभा होता. मी टेप लावली. दार २६ इंचांचं. सोफ्याचे पाय काढले तरी त्याची सगळ्यात कमी बाजू ३३ इंच.

जुना सोफा मग आत गेला कसा, हा प्रश्न मला तिथेच पडला. उत्तर पुढे कळलं. कारखान्यात आधी जमीन तयार होते, मग तिच्यावर सोफा आणि कपाटं बसतात, आणि नंतर भिंती उभ्या राहतात. म्हणजे तो सोफा दारातून कधी गेलेलाच नसतो.

संध्याकाळी साडेसातला मी अण्णांना फोन लावला, तिकडे सकाळचे आठ. त्यांनी विचारलं, "दार केवढं?" मी सांगितलं. "खिडकी?" तीही सांगितली. "मग वाड्यासारखंच कर की," म्हणाले, आणि चहा निवतोय म्हणून फोन ठेवला.

जुना सोफा काढणं हे निम्मं काम असतं, आणि लोक ते घाईने करून स्वतःला इजा करून घेतात. आधी तळाचे स्क्रू शोधायचे. आरव्हीत ते बहुधा चौकोनी खाचेचे असतात, साधा पेचकस चालत नाही. मग सोफा पाठीवर पाडायचा, तळाचं काळं कापड फाडायचं. आत पलंगाचा लोखंडी सांगाडा असेल तर बोल्ट काढण्याआधी तो दोरीने घट्ट बांधायचा. न बांधता सोफा कलता केला तर सांगाडा उघडतो आणि त्यात बोटं सापडतात. सांगाडा सुटला की मग करवत. अल्बर्टाच्या काकांनी मला विचारलं, "कापायचाच?" मी हो म्हटलं. सगळा सोफा तुकडे होऊन दारातून बाहेर गेला. खाली त्यांच्या नातीचा एक मोजा आणि सोंगट्यांमधला हरवलेला घोडा सापडला. काकूंनी तो घोडा धुऊन खिडकीत ठेवला.

नवा सोफा मी प्लायवुडच्या चौकटीवर केला: बैठक दोन भागांत, पाठ वेगळी, हात वेगळे. प्रत्येक जोडाला आतून टी-नट, म्हणजे लाकडात ठोकून बसवायचा नट, आणि बोल्ट. कुठलाही तुकडा २४ इंचांपेक्षा रुंद नाही. कापड दोन्ही भागांवर असं ओढून घेतलं की सांधा उशीखाली जावा. ११ दिवस लागले आणि हातात जवळजवळ काही उरलं नाही. पण काकूंनी पार्कातल्या संध्याकाळच्या पत्त्यांच्या डावात सांगितलं, आणि त्या हिवाळ्यात आणखी चार ट्रेलर मिळाले. २०१८ ला आम्ही मेसात शेड भाड्याने घेतली.

शेडमध्ये पहिला माणूस ठेवला ते मेक्सिकोतल्या सोनोराहून आलेले एक वयस्क कारागीर. मी त्यांना मामा म्हणते, ते मला 'मिहा' म्हणतात, म्हणजे बाळ. त्यांनी काम शिकलं ते त्यांच्या वडिलांच्या दुकानात, आणि तेही चुका तोंडात धरतात. पहिल्या दिवशी ते पाहिलं तेव्हा मला हातातलं काम थांबवावं लागलं. स्टेपलगन आल्यापासून त्याची गरज उरलेली नाही, तरी कोपऱ्याची घडी पक्की करताना मामा अजून हातोडीच घेतात, आणि ती घडी मशीनपेक्षा चांगली बसते.

दुसऱ्या वर्षीची एक चूक सांगायलाच हवी, कारण आज प्रत्येक गिऱ्हाइकाला मी त्यावरून सावध करते. एका मोठ्या ट्रेलरमध्ये मी जुन्यापेक्षा तीन इंच जास्त खोल सोफा दिला. मालकाचे पाय लांब होते, त्याला मांडीखाली आधार हवा होता. बसवल्यावर तो खूश झाला. एप्रिलमध्ये परतीला निघताना त्याने स्लाइड आत घेतली, आणि सोफ्याचा हात स्वयंपाकाच्या ओट्याच्या कोपऱ्यात घुसला. ओट्याची फळी चिरली. मी मापं स्लाइड उघडी असताना घेतली होती. ट्रेलरचं घर प्रवासाला निघताना आक्रसतं हे मला माहीत होतं, पण टेप हातात असताना आठवलं नाही. ओटा मी माझ्या खर्चाने बदलून दिला, आणि नवा सोफा परत आणून तीन इंच कापला. तेव्हापासून आम्ही मापं दोनदा घेतो, स्लाइड उघडी असताना आणि बंद असताना. शिवाय पुठ्ठ्याचा पूर्ण आकाराचा सोफा करून आत ठेवतो आणि स्लाइड आतबाहेर करून पाहतो. या पुठ्ठ्याला एक दिवस जातो. तो दिवस आम्ही कधीच वाचवत नाही.

स्क्रूच्या लांबीचंही तसंच. स्लाइडची जमीन पातळ असते आणि बाकीच्या जमिनीखाली पाण्याच्या नळ्या आणि गरम हवेचे पाइप जातात. जुनी भोकं सापडली तर तीच वापरायची, नाहीतर आधी वाकून खालून पाहायचं. आणि वजन. ट्रेलरच्या दाराजवळ एक स्टिकर असतं, त्यावर सामानासाठी किती वजन उरलं ते लिहिलेलं असतं. सोफ्यात वाढलेला प्रत्येक किलो त्यातून वजा होतो. पलंगाचा लोखंडी सांगाडा काढून त्याजागी खाली खण दिला की सोफा बराच हलका होतो, आणि बहुतेक लोकांनी तो पलंग वर्षातून एकदाही उघडलेला नसतो.

मालाबद्दल माझं मत ठाम आहे. ज्याचे पोपडे निघतात ते बहुधा बॉन्डेड लेदर असतं: चामड्याचा चुरा कापडावर चिकटवून वर पॉलियुरेथेनचा थर. उष्णता आणि दमट हवा यांनी तो थर सुटतो. बंद ट्रेलर उन्हाळाभर ॲरिझोनात उभा राहिला की आत काय होत असेल ते वेगळं सांगायला नको. मी ते लावत नाही, कुणी मागितलं तरी लावत नाही. चांगलं विणलेलं पॉलिएस्टर कापड किंवा दर्जेदार रेक्झिन, दोनच पर्याय ठेवते. फोमची घनता इथे दर घनफुटाला पौंडात मोजतात. अण्णा ज्याला '४० डेन्सिटी' म्हणायचे तो इथला अडीच पौंडी. बैठकीला त्याखाली मी जात नाही. जून २०२१ पासून आगीबाबतचा कॅलिफोर्नियाचा नियम साऱ्या देशाला लागू झाला, आणि जुना सोफा नव्याने मढवला तरी तो पाळावा लागतो. धुमसत्या सिगारेटने बैठक पेटता कामा नये. एवढ्याशा घरात बाहेर पळायला एक दार आणि एक खिडकी असते, त्यामुळे हा नियम मला कधी जाच वाटला नाही.

बटणावर पाय वर करणाऱ्या खुर्च्यांची टूम आली तेव्हा आम्हीही बसवल्या. मग ॲरिझोनातल्याच क्वार्ट्झसाइटच्या वाळवंटात राहणारे लोक येऊ लागले. तिथे सरकारी जमिनीवर सप्टेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत परवान्यावर राहता येतं, पण वीज स्वतःच्या बॅटरीची आणि सोलरची. या खुर्च्यांची मोटर भिंतीतल्या ११० व्होल्टच्या प्लगवर चालते, आणि इन्व्हर्टर नसेल तर पाय वर राहिलेल्या खुर्चीत माणूस अडकतो. आता आम्ही पहिला प्रश्न विचारतो तो कुठे राहता हाच. वाळवंटात राहणाऱ्यांना हाताने ओढायचा दांडा.

२०२० चा मार्च आला आणि कॅनडाची सीमा बंद झाली. रस्त्याने येणाऱ्यांसाठी ती नोव्हेंबर २०२१ पर्यंत उघडली नाही. आमची निम्मी गिऱ्हाइकं पलीकडे राहिली. शेडचं भाडं नवऱ्याच्या पगारातून गेलं. मामांना घरी बसा म्हणायला माझी जीभ रेटेना, म्हणून आम्ही दोघांनी त्या उन्हाळ्यात शेडमधल्या जुन्या चौकटी दुरुस्त केल्या. मग उलटंच झालं. हॉटेल-विमानं नकोत म्हणून लोक आरव्ही घ्यायला धावले. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या कारखान्यांतून ६ लाख आरव्ही बाहेर पडल्या, तो आजवरचा विक्रम. जुन्या ट्रेलरना नवे मालक मिळाले आणि प्रत्येकाला सोफा बदलायचा होता. नेमका तेव्हाच फोम मिळेना. फेब्रुवारीत टेक्सासात बर्फाचं वादळ आलं, तिथले रसायनांचे कारखाने बंद पडले आणि फोमचा कच्चा माल आटला. मी आठवड्याला फोमचे दोन-दोन ताव मिळवत होते. गिऱ्हाइकांना खोटी तारीख द्यायची नाही असं ठरवलं, काही जण सोडून गेले. जे थांबले ते आजही येतात.

आता कारखान्यांचा तो बहर ओसरला आहे, २०२३ मध्ये आकडा सव्वातीन लाखांच्याही खाली आला. आमच्या कामाला त्याने फारसा फरक पडलेला नाही, जुने ट्रेलर जागच्या जागी आहेत. त्याच वर्षी फिनिक्सला सलग ३१ दिवस पारा ११० फॅरनहाइटला, म्हणजे ४३ सेल्सिअसच्या पुढे गेला. तेव्हापासून जून ते सप्टेंबर ट्रेलरमध्ये जाऊन काम बंद. त्या महिन्यांत शेडमध्ये चौकटी तयार करतो, आणि ऑक्टोबरात पार्कांत जाऊन जोडतो.

अण्णा गेल्या हिवाळ्यात आले होते. ७८ वर्षांचे, गुडघे दुखतात, तरी ट्रेलरच्या पायऱ्या चढले. आत जाऊन त्यांनी दाराची चौकट वितीने मोजली, खिडकी वितीने मोजली, आणि मामांच्या हातातला खडू घेतला. दोघांना एकमेकांची भाषा येत नाही. तासाभराने मी पाहिलं तर दोघांच्याही तोंडात चुका होत्या आणि भुवयांवर काम चाललं होतं.

पुढच्या सोमवारी कॅनडातल्या सस्कॅचवानच्या एका जोडप्याचा २००९ चा ट्रेलर आहे. दार २४ इंचांचंच आहे आणि पाठ एकसंध हवी असा बाईंचा हट्ट, मधे सांधा नको. त्यामुळे खिडकी काढावी लागणार. आतल्या कड्याचे स्क्रू सोडवले की ती बाहेरून निघते, परत बसवताना भोवती पाणी अडवणारी ब्युटाइलची नवी चिकट पट्टी. पुठ्ठ्याची पाठ कालच तयार झाली. ती भिंतीला टेकवून ठेवली आहे, वर अण्णांनी घालून दिलेल्या पद्धतीने खडूची खूण: डावं, उजवं, वर.